पाचव्या कप्प्यातली गोळी

३ फेब्रुवारी

मुंगे,

फोनवर तू "काय म्हणालीस, काय म्हणालीस" करतेस आणि मी "काही नाही, ठेव" म्हणते, त्यापेक्षा पत्र बरं. कागदाला दोनदा सांगावं लागत नाही. अक्षर वाकडं आलंय ते चौथीपर्यंतच्या शाळेमुळे नाही, हात थरथरतोय म्हणून. शाळेत माझं अक्षर वर्गात दुसरं होतं. पहिली होती ती बाईंची भाची.

तीन आठवडे झाले. सुई दिसते, दोरा दिसतो, भोक दिसतं, आणि दोरा भोकाच्या शेजारून जातो. खालच्या टेलरमास्तरने परवा सहा शर्ट काजं करायला दिले होते. दोन कसेबसे केले आणि चार तसेच परत पाठवले. तो वर आला. "मावशी, माझं काही चुकलं का?" म्हटलं, "तुझं कापड सरळ आहे, मीच तिरकी झालेय." हसला मेला. चाळीस वर्षांत मी त्याचं एक काज उसवू दिलं नाही, आणि आता हसतो.

शिवाय घाम. पंखा डोक्यावर फिरतोय आणि मी निथळतेय. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की बसावंसं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले. त्याची रक्तदाबाची गोळी आहेच एक. त्याने हात पुढे करायला सांगितलं, बघितलं, म्हणाला, "वयाचं असतं आजी," आणि थरथरीची एक गोळी वाढवली. म्हटलं, "डोक्याच्या डॉक्टरच्या दोन आहेत त्यांच्याबरोबर ही चालेल का?" म्हणाला, "ते त्यांना विचारा." त्यांना विचारायला गेले तर ते कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "चालतं, चालतं." मग एक उदासीची, एक झोपेची, एक रक्तदाबाची, एक थरथरीची. चार झाल्या. तुझे आजोबा जन्मभर बिनगोळीचे राहिले आणि आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी गोळ्या खाऊन बसलेय.

तू जेवतेस का नीट? खोलीत बरोबरच्या दोघी आहेत त्या भांडतात का अजून?

आजी

११ फेब्रुवारी

आजी,

पत्र मिळालं. छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, त्यामुळे आधी अक्षरच बघितलं. खरंच थरथरतंय. मला ते आवडलं नाही.

"वयाचं असतं" हे उत्तर नाही. वय काय तीन आठवड्यांपूर्वी झालं का? हात कधीपासून हलतोय आणि त्याच्या आधी पंधरा दिवसांत काय नवीन सुरू झालं, हे डॉक्टरने विचारायला हवं होतं. त्याने नाही विचारलं तर तू सांगायचं. कागदावर लिहून ने. वाचून दाखव. वाचून झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. तू एवढी तोंडाची तिखट, टेलरमास्तर तुला टरकून असतो, आणि पांढरा कोट दिसला की गप्प बसतेस.

मला प्रत्येक गोळीचं पट्टीवरचं नाव लिहून पाठव. रंग नको, नाव. किती वाजता घेतेस तेही. आणि मनाने कुठलीही गोळी बंद करू नकोस, या गोळ्या एकदम सोडल्या तरी त्रास होतो.

माझं मस्त चाललंय. दोघी भांडतात, मी कानात कापूस घालते. रविवारी दिवसभर पडून होते, नुसता आळस.

मुंगी

१९ फेब्रुवारी

मुंगे,

नाव कुठून आणू? पट्ट्या मी ठेवतच नाही. त्या चंदेरी कागदातून गोळी ढकलायची म्हणजे अंगठा दुखतो, म्हणून आणल्या दिवशीच मास्तरकडून सगळ्या फोडून घेते आणि माझ्या बटणांच्या डब्यात टाकते. बटणं मी पिशवीत काढली. चाळीस वर्षं रंग लावून बटण ओळखलं, गोळी ओळखायला काय जातंय. सकाळी गुलाबी बारकी आणि पांढरी गोल, दुपारी पिवळी, रात्री पांढरी लांबट. पाच कप्पे आहेत, पाचही भरलेले. झाकण उघडलं की एका नजरेत हिशोब. तुमच्यासारखं चष्मा लावून वाचत बसायला नको.

कागद लिहिला. डोक्याच्या डॉक्टरकडे गेले. तिथे बाहेर नंबरवाली बसते, ती आपल्या मास्तरची भावजय, म्हणजे काय ते तुला कळलं. आत जे बोललं ते संध्याकाळी शिलाई मशीनवर. माझा नंबर सतरावा. सोळावा माणूस आत गेला तो बाहेर येईना, आणि आला तर मला वाटलं आता डॉक्टर दमला असेल. दमलाच होता. मी कागद काढला. पहिलं वाक्य वाचलं, "हात कधीपासून हलतो." तो म्हणाला, "हो, हो, ते इथे आहे." दुसरं वाचायला लागले तर फोन वाजला. फोन संपल्यावर म्हणाला, "झोप लागते ना? मग चालू द्या." टकटक टकटक. मी म्हटलं, "डॉक्टर, माझा चेहरा त्या पेटीत दिसतो का तुम्हाला?" तेव्हा एकदा वर बघितलं. मग पुन्हा पेटीत.

तू म्हणालीस उठू नकोस. उठले नाही. अठरावा नंबर आत येऊन माझ्या मांडीवर बसायचा राहिला, तेव्हा उठले.

तुझ्या सांगण्यावरून गेले म्हणून दिवस वाया. पांढऱ्या कोटाला मी घाबरत नाही. तो पेटीकडे तोंड करून बसतो आणि पाठीला डोळे नसतात, एवढंच.

आजी

२६ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, सवयीने. पहिल्या पत्रात तू चार औषधं मोजलीस. या पत्रात कप्पे पाच, आणि पाचही भरलेले. नावं घेताना मात्र पुन्हा चारच गोळ्या: गुलाबी, पांढरी गोल, पिवळी, पांढरी लांबट. पाचव्या कप्प्यात काय आहे?

बटणं असतील तर तसं लिही, मी हसेन आणि विषय संपला. पण बटणं तू पिशवीत काढलीस म्हणतेस.

रागावू नकोस. हातात आलेला शर्ट तू उलटा करून शिवण बघतेस, तसंच हे. डॉक्टरने नक्की विचारलं असेल, आणखी काही घेता का म्हणून. तू काय सांगितलंस?

मुंगी

(या रविवारीही कुठे गेले नाही. दिवसच लवकर संपतो.)

५ मार्च

मुंगे,

मी पत्र तपासायला पाठवत नाही. तुझ्या छापखान्यात चुका कमी पडल्या असतील तर मालकाला सांग.

पाचव्या कप्प्यात जे आहे ते आहे. माझा डबा, माझं पोट. तुझी आई लहान असताना तीन दिवस ताप उतरेना, तेव्हा कोणी मला कप्पे विचारायला आलं नव्हतं.

सोमवारी पेला हातातून पडला. बुधवारी मोरीत पाय सरकला, खांदा नळावर आपटला. काळानिळा झालाय, हाड शाबूत आहे. मास्तरची बायको वर येऊन पाणी भरून देते आणि दर हंड्यामागे एक उपदेश देते.

आता ठरवलंय. पिवळी मी परवापासून बंद केली. तीन महिने खाल्ली, म्हातारा काही परत आला नाही आणि उदासी काही गेली नाही, वर हात गेला. उरलेल्यांचंही बघते. सगळा डबा एक दिवस गटारात ओतते आणि बटणं परत भरते. काम नसेल तर मी काय करू? खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी मोजू? माझ्या हातांना दुसरं काही येत नाही, मुंगे.

आजी

९ मार्च

आजी,

फोनवर सांगायला गेले तर "ऐकू येत नाही" म्हणून ठेवलास. तुला ऐकू येत होतं. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय, उद्या हातात पडेल. उभ्या उभ्या वाच.

पाचव्या कप्प्यात हिरवी-पांढरी कॅप्सूल आहे. अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. बरोबर ना? ती माझी आहे. शिलाई मशीनच्या डाव्या खणात, रिळांच्या मागे, मी ठेवली होती. रात्री एकदम आठवलं आणि मी उठून बसले.

लिहायचं नव्हतं पण लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी कामावरून येऊन दार लावून बसायचे, तू "कुणाशी बिनसलंय का" विचारायचीस, तेव्हा माझं कुणाशी बिनसलं नव्हतं. मी पलीकडच्या भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे जात होते. त्यांनी या कॅप्सूल दिल्या. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, चार शर्टांना बटणं लाव म्हणजे बरं वाटेल.

आता ऐक. छापखान्याखाली औषधांचं दुकान आहे. तिथल्या बाई शिकलेल्या आहेत, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उदासीची एक गोळी चालू असताना त्याच कामाची दुसरी कुणी न विचारता घातली, तर हात थरथरतो, घाम फुटतो, जीव एका जागी ठरत नाही. अगदी तुझंच. वय नाही ते. आणि याहून वाढूही शकतं. ताप आला, अंग ताठलं किंवा बोलताना गोंधळायला झालं तर डॉक्टरकडे नाही, थेट दवाखान्यात भरती. कुठली गोळी थांबवायची ते मात्र सांगायला त्या तयार नव्हत्या, एवढंच म्हणाल्या, "आजच्या आज त्यांच्या डॉक्टरना कळलं पाहिजे. काय बंद, काय चालू, ते तेच ठरवतील."

म्हणजे डबा गटारात ओतायचा नाही. डबा उचलायचा आणि जायचं. पाचही कप्पे दाखवायचे. नातीची गोळी आहे, नातीने लपवून ठेवली होती, असं स्पष्ट सांगायचं. भावजय ऐकेल तर ऐकू दे. मास्तरच्या मशीनवर माझं नाव निघालं तरी मी मरत नाही. तू मेलीस तर मात्र मला राग येईल.

मुंगी

१५ मार्च

मुंगे,

गेले होते. सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा प्रश्न नकोत.

आधी माझं. ती कॅप्सूल तुझी होती हे मला ठाऊक होतं. तू चोरून खायचीस तेव्हाच ठाऊक होतं. मशीनचा खण माझा, त्यात सुई हलली तरी मला कळतं. बोलले नाही, कारण तू हळूहळू जेवायला लागलीस, दार उघडं ठेवायला लागलीस. जे चाललंय त्यात हात कशाला घाला. जानेवारीत माझी पिवळी महिनाभर खाऊनही ढिम्म फरक पडेना, तेव्हा म्हटलं, हिला जे लागू पडलं ते मलाही पडेल, रक्त एकच आहे. तुझ्या पट्ट्या खणात होत्याच. रोज एक घेतली. डॉक्टरला सांगितलं नाही ते त्या नंबरवालीमुळे. उद्या कुणी तुझी चौकशी करायला आलं तर मास्तरचं अख्खं घर सांगेल, मुलगी डोक्याच्या गोळ्या खायची. माझं नाव लागलं तर लागू दे, मी सत्तरीपार. तुझं त्या कागदावर चढवणार नव्हते. तोंडाला कुलूप घातलं ते यासाठी. आता तूच उघडायला सांगितलंस.

तर गेले. नंबर एकविसावा. नंबरवालीला म्हटलं, "बये, मला पाणी आण." म्हणाली, "मावशी, कुलर तिथे आहे." म्हटलं, "माझा हात हलतो, तू आण." ती गेली आणि मी सरळ आत. आत एक बाई बसली होती. तिला म्हटलं, "तुझं होऊ दे, मी उभी राहते, पण बाहेर जाणार नाही." ती बिचारी स्वतःच उठली.

डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. डॉक्टर म्हणाला, "हे काय आहे?" म्हटलं, "हे मी आहे. या चारांतल्या दोन तुमच्या, दोन कोपऱ्यावरच्याच्या. पाचवी माझ्या नातीची, तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दिलेली, मी खातेय दोन महिने." त्याने पेटीवरचे हात काढले. त्याला दोन हात आहेत हे मला तेव्हा कळलं. कॅप्सूल उचलून उजेडात धरली. मग माझे हात धरले, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला तो त्याच्या खुर्चीपर्यंत. ताप बघितला, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली.

मग चिडला. "आजी, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दुसरं काही घेता का? तुम्ही नाही म्हणालात. इथे लिहिलंय."

"तेव्हा घेत नव्हते. डिसेंबर होता तो."

"मग नंतर सांगायचं."

"नंतर तुम्ही विचारलंत? मागच्या खेपेला कागद आणला होता, पूर्ण वाचू दिलात?"

"वाचला असता तर त्यात ही कॅप्सूल होती का?"

आता काय सांगू तुला. नव्हती. कागदावर मी ती लिहिलीच नव्हती. दोघांनाही दुसऱ्याला खोटं पाडायचं होतं आणि दोघांनाही ते अर्धंच जमलं.

मग त्याने माझ्यासमोर कोपऱ्यावरच्याला फोन लावला. दोन महिने मी या दोघांमध्ये पोस्टमनसारखी फिरतेय, "ते त्यांना विचारा, हे यांना विचारा," आणि दोघांकडे फोन होता. तीन मिनिटांत झालं. कॅप्सूल बंद, थरथरीची बंद. पिवळी मी आपल्या मनाने सोडली त्याबद्दल ओरडला, पण आत्ता सुरू करायची नाही म्हणाला. तुझी कॅप्सूल शरीरातून जायला कित्येक आठवडे घेते, ती गेल्यावर ठरवू. संध्याकाळपर्यंत बाजूच्या खोलीत झोपवून ठेवलं, दर तासाला रक्तदाब. रक्त काढलं. नंबरवाली पाणी घेऊन उभी होती ती तिथेच आली. काय काय ऐकलं होतं कोण जाणे. म्हणाली, "मावशी, माझा नवराही खातो. कुणाला बोलू नका." आता तिच्याच घरचं माझ्या पोटात. बघ कसं असतं.

हात लगेच थांबणार नाही म्हणाला. मला आजच थांबायला हवा होता. मास्तरचं काम दुसऱ्या एका बाईकडे गेलंय, ती काज हाताने नाही, मशीनने मारते. बघितलं मी एक. कडा उभी राहते. यावर काही गोळी नाही.

आता तुझं. तू माझे कप्पे मोजलेस, मीही मोजते. खणात आठ पट्ट्या होत्या. एकीचंही एक भोक फुटलेलं नव्हतं. ऑक्टोबरात तिकडे नोकरीला जाताना तुला तीन महिन्यांच्या दिल्या असणार, आणि तू सगळ्या इथेच टाकून गेलीस. म्हणजे ऑक्टोबरपासून तू खात नाहीस. डॉक्टरला विचारून सोडल्यास? मला लिहितेस, मनाने बंद करू नकोस. आणि रविवारी पडून होते, आळस. पुढच्या पत्रात पुन्हा रविवारी कुठे गेले नाही. मुंगी कधी आळशी असते का?

खरं लिही. मस्त चाललंय लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

आजी

२१ मार्च

आजी,

नाही विचारलं. खोलीतल्या दोघींनी पट्ट्या बघितल्या असत्या, आणि मला वाटत होतं मी बरी झालेय, म्हणून टाकून आले. डिसेंबरपर्यंत ठीक होतं. मग रविवार गेले, आता शनिवारही जातात. गेल्या महिन्यात एका पुस्तकाची सोळा पानं मी न वाचताच सही करून पुढे पाठवली. छापली गेली. मालक ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेले.

इथल्या एका डॉक्टरांची वेळ घेतलीय. पुढच्या मंगळवारी चार वाजता. कागद लिहिलाय. पहिलं, कॅप्सूल एकदम सोडली. दुसरं, पुन्हा तसंच व्हायला लागलंय.

तिसरं लिहिलंय पण ते वाचायचं मला जमणार नाही. झोप येत नाही म्हणून मी खोकल्याचं औषध पिते. खोकला नसताना. रोज, झाकणाने नाही, कपाने. एकदा खालच्या दुकानातल्या त्या बाईंकडेच मागायला गेले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता लांबच्या दुकानातून आणते. तुझ्या गोळ्यांबद्दल त्यांना विचारलं, तेव्हा त्या बोलता बोलता म्हणाल्या, खोकल्याची काही औषधंसुद्धा या कॅप्सूलबरोबर चालत नाहीत. मी मान हलवली. तुला पत्र लिहिताना तेवढं वाक्य गाळलं.

पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या तर ते तीच कॅप्सूल पुन्हा देतील. तिसरी सांगितली नाही तर माझेही हात हलतील. मला हे सगळं कळतं. तरी त्या खुर्चीवर बसून "कपाने" हा शब्द तोंडातून निघेल असं वाटत नाही.

मुंगी

२४ मार्च

मुंगे,

सोमवारच्या बसने निघते. नऊ तास लागतात म्हणे. मास्तरच्या बायकोने डबा बांधून द्यायचं कबूल केलंय, उपदेशासकट. हात हलतो तो बसमध्ये दिसणार नाही, तिथे सगळ्यांचेच हलतात. डॉक्टरला विचारलं, जाऊ का. म्हणाला, जा, पण काही झालं तर तिथल्या डॉक्टरना मला फोन करायला सांगा, आणि नंबर लिहून दिला. स्वतःच्या हाताने, पेटीत नाही.

मंगळवारी चारला मी तुझ्याबरोबर येईन. आत येणार नाही. तुझं मी बोलणार नाही, मी बोलले की तू मान हलवत बसशील, मला माहीत आहे तुझी मान. तिसरं तूच वाचायचं, "कपाने" यासकट. न वाचता बाहेर आलीस तर मी दारात बसलेली असेन आणि तुला परत आत पाठवीन. जितक्यांदा येशील तितक्यांदा.

ती बाटली तोवर फेकू नकोस. बरोबर ने, त्यांना नाव वाचू दे.

आजी